रुळांलगतच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत : गाड्यांच्या आवाजाचा विचार आराखड्यात कुठून सुरू करावा?

आराखडा_सोलापूर :

नमस्कार. सोलापुरात रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, दोन जुन्या वसाहतींच्या मध्ये उरलेल्या एका प्लॉटवर तळमजल्यावर पार्किंग आणि वर चार मजले, अशी सोळा सदनिकांची इमारत प्रस्तावित आहे. तिच्या आराखड्याचे काम माझ्याकडे आहे. या जागेवर पूर्वी यंत्रमागाचा कारखाना होता. शेड पाडल्यापासून जागा मोकळीच आहे. प्लॉटची अरुंद बाजू रुळांकडे येते. इमारतीच्या पश्चिमेकडील भिंतीपासून जवळचा रूळ ४० मीटरवर आहे, प्लॉटची हद्द रुळापासून ३४ मीटरवर आहे आणि रूळ साधारण दोन मीटर उंचीच्या भरावावर आहेत. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम येत असल्याने रेल्वेच्या ना-हरकत पत्रासाठी अर्ज केलेला आहे, त्यामुळे त्याविषयी प्रश्न नाही.

प्रश्न आवाजाचा आहे. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर भाड्याचे ध्वनिमापक ठेवून रात्रीची मोजणी केली. मालगाडी जाताना सर्वोच्च पातळी ८२ डेसिबलपर्यंत जाते, गाडी नसताना ती ४२ ते ४५ च्या दरम्यान राहते. भोंगा वाजला तर आकडा याहूनही वर जातो. जागामालकांची इच्छा अशी, की सर्व मोठ्या बाल्कन्या आणि शयनकक्ष पश्चिमेला घ्यावेत, कारण रुळांच्या बाजूला समोर दुसरी इमारत कधीच उभी राहणार नाही आणि वारा मोकळा येईल. आवाजासाठी त्यांनी तीन उपाय सुचवले आहेत : कंपाउंडची भिंत साडेतीन मीटरपर्यंत चढवणे, तिच्या आतून अशोकाच्या झाडांची रांग लावणे किंवा पश्चिमेच्या खिडक्यांना दुहेरी काच बसवणे. तिन्हींना पुरेल इतका खर्च मंजूर होण्यासारखा नाही, तेव्हा यांपैकी कोणता उपाय निवडावा? तसेच निवासी क्षेत्रासाठी रात्री ४५ डेसिबलची जी मर्यादा आहे, ती येथे आधीच ओलांडली जात असताना आमच्यावर नेमकी कोणती जबाबदारी येते?

ध्वनी_आणि_भिंती :

नमस्कार. आपण मोजणी आधी करून मग प्रश्न विचारला, हे फार बरे झाले. बहुतेक वेळा इमारत उभी राहिल्यावर आणि ताबा दिल्यावर विचारणा होते, आणि तेव्हा खिडक्या बदलण्यापलीकडे हातात काही उरलेले नसते.

प्रथम आकड्यांविषयी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी दिलेल्या दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल या मर्यादा सरासरीच्या आहेत, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. समजा, या आठ तासांत वीस गाड्या गेल्या, प्रत्येक गाडी दीड मिनिट ऐकू आली आणि त्या दीड मिनिटाची सरासरी ७८ डेसिबल होती. एकूण आवाजाचा काळ अर्धा तास, म्हणजे रात्रीचा सोळावा हिस्सा झाला. सोळावा हिस्सा म्हणजे १२ डेसिबलची घट, म्हणून रात्रीची सरासरी ६६ येईल. गाड्या निम्म्या झाल्या, तरी ती फक्त तीन डेसिबलने उतरून ६३ वर थांबेल. परंतु झोपलेल्या माणसाला सरासरी ऐकू येत नाही. त्याला तीन वाजताची मालगाडी ऐकू येते. म्हणून आराखड्यासाठी मी सरासरीऐवजी सर्वोच्च पातळी धरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शयनकक्षाच्या आत सलग आवाजासाठी ३० आणि एकेका घटनेसाठी ४५ डेसिबल हे आकडे आहेत. आपल्याकडे बाहेर ८२ आहेत, आत ४५ हवेत. म्हणजे ३७ डेसिबल कुठेतरी खर्ची पडले पाहिजेत. उघडी खिडकी १० ते १५ डेसिबल अडवते, बंद केलेली साधी खिडकी फार तर पंचवीस. उरलेले कुठून आणायचे, हाच या आराखड्याचा खरा प्रश्न आहे.

आता भिंत. आवाज अडवण्यासाठी भिंतीने उगमाकडे जाणारी नजर तोडावी लागते. चाकांचा आवाज रुळाच्या पातळीवर, म्हणजे आपल्या जमिनीपासून दोन मीटरवर उगम पावतो. तेथून हद्दीवरील साडेतीन मीटर भिंतीच्या माथ्यावरून सरळ रेषा काढली, तर ती इमारतीला पावणेचार मीटरच्या आसपास उंचीवर भिडते. त्याखाली आपले पार्किंग आहे. सारांश, एवढा खर्च करून ती भिंत दुचाकींच्या झोपेची काळजी घेईल. पहिल्या मजल्याच्या खिडकीलासुद्धा तिचा म्हणावा तसा उपयोग नाही. इंजिनाचा भोंगा तर छताजवळ असतो, तो भिंतीच्या माथ्यावरून सहज निघून येईल. अशोकाची एक रांग आवाजाच्या बाबतीत शून्य धरावी. सावली, धूळ आणि दृष्टीआड होणारी गाडी यांसाठी जरूर लावा, पण तिला आवाजाच्या खर्चात बसवू नका.

खिडकी उपयोगाची आहे, मात्र ती शेवटची पायरी आहे. पहिली पायरी खोल्यांची मांडणी. इमारतीची मागची, म्हणजे पूर्वेची बाजू स्वतःच्याच आडोशात येते आणि तेथे पातळी १५ ते २० डेसिबलने कमी मिळते. रुळांना काटकोनात असलेली उत्तर किंवा दक्षिण बाजू निम्मा मार्ग पाहते, म्हणून तेथे फक्त तीनच डेसिबलचा लाभ होतो. हा फरक लक्षात न घेता ‘खिडकी बाजूला घेतली’ म्हणून समाधान मानले जाते. जिना, लिफ्ट, बंदिस्त मार्गिका, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघराचे ओटे हे सर्व पश्चिमेला घ्या आणि शयनकक्ष त्यांच्या आड ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊनही पश्चिमेकडूनच भिंत तापवते, त्यामुळे पश्चिमेची बाजू जवळजवळ बंद ठेवण्यात आवाज आणि उष्णता या दोन्हींचे एकाच खर्चात काम होते. मालकांना पश्चिमेचा मोकळा देखावा हवा आहे हे समजते, पण तो देखावा दिवाणखान्याच्या एका बंद होणाऱ्या गॅलरीतून पुरेसा दिसतो. झोपताना तो कोणी पाहत नाही.

जबाबदारीचे म्हणाल, तर नियमातील मर्यादा परिसराच्या आहेत आणि गाड्यांचा आवाज आपण निर्माण करत नाही. परंतु जेथे आवाज आहे हे मोजून माहीत आहे, तेथे घरे विकणारा विकासक ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणू शकत नाही. विशेषतः माहितीपत्रकात ‘शांत परिसर’ असे शब्द छापले, तर रेरा कायद्याच्या कलम १२ अन्वये त्या शब्दांची भरपाई मागता येते. ते शब्द छापूच नयेत.

निवृत्त_रूळ_निरीक्षक :

वरील उत्तर योग्यच आहे. मी रेल्वेच्या बाजूने काही गोष्टी जोडतो, कारण ‘गाडीचा आवाज’ असे एकच नाव दिले तरी त्यात चार-पाच वेगवेगळे आवाज असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो.

आपण ४० मीटर हे अंतर सांगितले; त्या ४० मीटरपलीकडे रुळात काय आहे ते सांगितले नाही. सलग जोडलेला सरळ रूळ असेल, तर चाकांचा घरघराट एवढाच आवाज येतो. परंतु समोरच पॉइंट आणि क्रॉसिंग, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा असेल, तर प्रत्येक चाक तेथे आपटते. सिग्नलजवळ रुळांत विजेचा प्रवाह तोडणारे सांधे असतात, तेथेही ठोका पडतो. एखाद्या वाघिणीच्या चाकाला ब्रेकमुळे चपटेपणा आलेला असेल, तर ती वाघीण अख्ख्या गाडीत वेगळी ओळखू येते. आणि सर्वांत त्रासदायक जागा म्हणजे आउटर, म्हणजे स्थानकाबाहेरचा सिग्नल. मालगाडी सिग्नलला थांबते, ब्रेक किंचाळतात, मग निघताना पहिल्या वाघिणीपासून शेवटच्यापर्यंत कपलिंगचा खडखडाट धावत जातो. ध्वनिमापकात त्याचा आकडा फार मोठा दिसत नाही, पण झोपमोड हमखास होते. म्हणून एखाद्या रात्री माणूस बसवून, कोणत्या आवाजाला कोणता आकडा आला, हे वेळेसह लिहून काढावे. हुतात्मा, सिद्धेश्वर किंवा फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी वंदे भारत या गाड्यांविषयी लोक बोलतात, पण त्यांचे वेळापत्रक ठरलेले असते आणि स्थानकाजवळ त्या संथ असतात. वेग दुप्पट झाला की चाकांचा आवाज साधारण नऊ डेसिबलने वाढतो, आणि त्याच हिशेबाने संथ गाडीचा तो घटतो. मालगाडीला वेळापत्रक नाही. दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाल्यापासून डिझेल इंजिनांचा धडधडाट कमी झाला, हे खरे. त्याबरोबर मार्गाची क्षमताही वाढली, हे विसरू नये. आज मोजलेल्या गाड्यांची संख्या दहा वर्षांनी तीच असेल, असे गृहीत धरून आराखडा करू नका.

भोंग्याविषयी. फाटकाच्या आधी ‘सी/फा’ (सीटी/फाटक) असा फलक असतो, तेथे चालकाला भोंगा वाजवावाच लागतो. ती त्याची हौस नसते. परंतु शहरात फाटक नसलेल्या जागीही भोंगे वाजतात, कारण माणसे रूळ ओलांडतात. आपल्या प्लॉटच्या आसपास हद्दीच्या कुंपणाला भगदाड पाडून पायवाट झाली आहे का, ते पाहा. असल्यास ती वाट बंद करून जवळच्या पुलाकडे पादचाऱ्यांना नीट रस्ता मिळावा, यासाठी रहिवाशांनी महानगरपालिका आणि रेल्वे यांच्याकडे एकत्र अर्ज करावा. भोंगे कमी होण्याचा दुसरा मार्ग माझ्या माहितीत नाही, आणि हा मार्ग काचेपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

कंपनाचा प्रश्न आपण काढलेलाच नाही. काच कितीही जाड बसवली, तरी जमिनीतून पायात आणि पायातून स्लॅबमध्ये येणाऱ्या कंपनाला ती अडवत नाही. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि मग खडक. ‘हद्दीवर मीटरभर खोल चर खणा’ असा सल्ला कोणीतरी हमखास देईल. जमिनीत कंपन सेकंदाला दोनशे मीटरच्या गतीने गेले, तर वीस आवर्तनांच्या कंपनाची लहर दहा मीटर लांब असते. मीटरभर चर तिच्या गावीही नसतो. पायाचे खड्डे खणल्यावर, काँक्रीट ओतण्यापूर्वी, तळाशी कंपनमापक ठेवून मालगाडीची नोंद घ्यावी. ४० मीटरवर बहुधा फार काही निघणार नाही, परंतु निघालेच, तर स्तंभांखाली रबरी बेअरिंग घालण्याचा निर्णय तेवढ्याच दिवसांत घेता येतो. नंतर नाही.

शेजारची_गच्ची :

ज्यांच्या गच्चीवर ध्वनिमापक ठेवले होते, त्या इमारतीत मी राहते, म्हणून लिहीत आहे. मालगाडी गेली की आमच्या स्वयंपाकघरातील मांडणीवरची ताटे एकमेकांना लागून किणकिणतात, आणि ती ताटे रुळांकडच्या भिंतीवर नसून आतल्या भिंतीवर आहेत. त्यामुळे वर काकांनी कंपनाविषयी लिहिले, ते नव्या इमारतीसाठी अवश्य तपासावे.

आमच्या ओळीतील एका इमारतीत विकासकाने ‘साउंडप्रूफ’ खिडक्या देतो म्हणून सांगितले होते. पहिल्या मार्चपर्यंत त्या चांगल्या चालल्या. एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर गेल्यावर प्रत्येकाने कूलर आणला आणि तो बसवायला जागा एकच होती : खिडकी. एक पल्ला काढून तेथे पत्रा ठोकला, पत्र्याला चौकोनी भोक पाडले आणि कूलर बसवला. कूलरचा आपला घरघराट एक, आणि त्याच्या बाजूच्या फटीतून येणारी मालगाडी दुसरी. ज्यांनी एसी घेतला, त्यांच्या भिंतीतील पाइपचे भोक जुन्या कापडाने बुजवलेले मी स्वतः पाहिले आहे. सर, आपण काचेची जाडी ठरवण्याआधी मे महिन्यात त्या खोलीत माणूस कसा झोपणार, हे ठरवावे, अशी विनंती आहे.

दुसरी गोष्ट आमच्या बाजूची. आपली इमारत उभी राहिली, की तिच्या मागच्या गल्लीतील घरांना गाड्यांपासून आडोसा मिळेल, परंतु आमच्या आणि आपल्या इमारतींमध्ये जो सहा-सात मीटरचा बोळ राहील, त्याचे तोंड थेट रुळांकडे उघडते. आज आमच्या दक्षिणेच्या खिडक्यांसमोर मोकळी जागा आहे. उद्या तेथे सपाट भिंत येईल आणि तिच्यावरून परतलेला आवाज आमच्याकडे येईल. यावर काही करता येते का? आणि कंपाउंडच्या भिंतीचा आपल्याला उपयोग नसला, तरी आमच्या तळमजल्यावर दोन कुटुंबे राहतात, त्यांना तिचा उपयोग होईल, हेही मालकांच्या कानावर घालावे.

आराखडा_सोलापूर :

सर्वांचे मनापासून आभार. काका, समोर पॉइंट नाहीत, मात्र सिग्नल दिसतो. तेथे गाड्या थांबतात की नाही, याची नोंद घेतो. ताईंनी कूलरची जी बाब मांडली, तिचा विचार आमच्या चर्चेत एकदाही झाला नव्हता.

मालकांशी बोललो. जिना, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे पश्चिमेला घेण्यास ते तयार आहेत, परंतु दोन अडचणी उरतात. प्रत्येक मजल्यावर चार सदनिका असल्याने पश्चिमेच्या दोन सदनिकांना पूर्व बाजू मिळतच नाही. आणि ग्राहक वास्तूचा आग्रह धरतात : मुख्य शयनकक्ष नैऋत्येलाच पाहिजे. आमच्या प्लॉटवर नैऋत्य कोपरा म्हणजे थेट रूळ. शिवाय पश्चिम बंद केली, तर उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा जातो, ही तक्रार आहेच.

ध्वनी_आणि_भिंती :

वास्तूची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. शयनकक्ष नैऋत्येला ठेवा, पण त्याला पश्चिमेची खिडकी देऊ नका. पश्चिमेला २३० मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली विटांची सलग भिंत आणि तिला आतून पूर्ण उंचीचे कपाट; अशी भिंत पन्नासच्या आसपास डेसिबल अडवते. हलक्या ब्लॉकची पातळ भिंत येथे नको. खिडकी दक्षिणेला घ्या आणि तिच्या पश्चिम कडेला भिंतीचाच एक पंख मीटर-दीड मीटर बाहेर काढा, म्हणजे खिडकीतून रुळाचा थोडकाच भाग दिसेल. तेथून थेट येणारा आवाज तुटतो आणि पश्चिमेचे ऊनही अडते.

चार सदनिकांविषयी माझे मत स्पष्ट आहे. मजल्याला तीनच घ्याव्यात आणि मध्ये पूर्वेच्या बाजूने उघडणारा चौक सोडावा, म्हणजे पश्चिमेकडील सदनिकांचे शयनकक्ष त्या चौकावर येतील. तेथे बाहेर ६५ डेसिबल धरले, तर नीट बंद होणारी साधी खिडकी आत चाळीसपर्यंत आणते, आणि उन्हाळ्यात ती उघडी ठेवली, तरी आकडा पन्नाशीच्या थोडा वर राहतो. आवाजातील कुरकुर उरेल, पण माणूस वाऱ्यासाठी झोप सोडणार नाही. मालक हे मान्य करतील की नाही, ते आपण जाणता. निदान हा पर्याय कागदावर काढून दोन्हींचा खर्च शेजारी शेजारी ठेवावा, कारण चौथ्या सदनिकेसाठी लागणाऱ्या विशेष खिडक्या त्यात धरल्या, की फरक वाटतो त्याहून कमी निघेल.

चार सदनिका ठेवायच्याच असतील, तर पश्चिमेच्या सदनिकांत खिडकीवर खर्च करावा लागेल, आणि तो भिंतीवर नव्हे, खिडकीवरच करावा. भिंत ५० डेसिबलची आणि तिच्या पाचव्या हिश्श्यात २८ डेसिबलची खिडकी असेल, तर दोन्ही मिळून ३५ होतात. भिंत ६० ची केली, तरी उत्तर पस्तीसच राहते. सोलापुरात सर्रास बसवतात ती तीन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी येथे चालणार नाही. तिचे पल्ले ब्रशच्या पट्टीवर सरकतात आणि त्या पट्टीतून आवाज गळतो. एकूण क्षेत्राच्या शंभराव्या हिश्श्याएवढी फट राहिली, तर बाकी सर्व कितीही भारी असले तरी २० डेसिबलच्या पुढे जाता येत नाही. कब्जांवर उघडणारा आणि रबरी गॅस्केटवर दाबून बंद होणारा पल्ला घ्या. बाजारातील बारा मिलिमीटर पोकळीची दुहेरी काच उष्णतेसाठी चांगली असते, मालगाडीच्या घरघराटासाठी तिचा भरवसा धरू नका. त्यापेक्षा २३० च्या भिंतीत एक बाहेरची आणि एक आतली, अशा दोन स्वतंत्र खिडक्या शंभर मिलिमीटर अंतर ठेवून बसवा. एकीची काच सहा मिलिमीटरची, दुसरीची चारची, म्हणजे दोन्ही एकाच सुरावर थरथरणार नाहीत. हे काम गावातील चांगला फॅब्रिकेटर करू शकतो.

कूलरविषयी ताईंचे म्हणणे शंभर टक्के मान्य. ध्वनीच्या हिशेबात कूलर हा खिडकीचाच भाग आहे. शांत बाजूच्या भिंतीत त्याच्यासाठी वेगळी, झाकण असलेली चौकट बांधतानाच ठेवा, बाहेर त्याला कठडा आणि पाण्याचा नळ द्या, म्हणजे कोणाला खिडकीचा पल्ला काढावासा वाटणार नाही. एसीच्या पाइपसाठी स्लीव्ह आधीच घाला आणि ती न सुकणाऱ्या सीलंटने भरा. खिडकी बंद ठेवून हवा मिळावी, यासाठी आतून शोषक अस्तर असलेला, वळणाचा हवाझरोकाही करता येतो. पंख्यासह केला तर उत्तम.

बोळाबाबत : समोरासमोर दोन सपाट भिंती आल्या, तर दोन-तीन डेसिबलची वाढ होऊ शकते. आपल्या उत्तरेच्या भिंतीला पश्चिम टोकाकडे थोडा तिरकस कोन दिला आणि तो पंख तेथेही बाहेर काढला, तर बोळाचे तोंड अरुंद होते आणि परावर्तन शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे न जाता मागे वळते. मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती सोडावयाच्या मोकळ्या जागेत, असा पंख बसतो का, ते महानगरपालिकेच्या बांधकाम परवाना विभागात आधी विचारून घ्या. कंपाउंडची भिंत अडीच-तीन मीटरची करायला हरकत नाही, मात्र ती भरीव, जमिनीपासून फट न ठेवता आणि शेजाऱ्यांच्या तळमजल्यासाठी आहे, हे मालकांना सांगूनच करावी. त्यात जाळीचे ब्लॉक शोभेसाठी बसवले, तर सगळे मुसळ केरात.

शेवटी, निविदेत ‘साउंडप्रूफ खिडकी’ असा शब्द लिहू नका. ‘खिडकी बसवल्यावर, पश्चिमेच्या पहिल्या मजल्यावरील नमुना खोलीत, मालगाडी जात असताना बाहेर आणि आत एकाच वेळी मोजलेल्या पातळ्यांतील फरक ३७ डेसिबलपेक्षा कमी नसावा’ असे लिहा. ती एक खोली आधी पूर्ण करून घ्या, दारे-खिडक्या बंद करून रात्री मोजा, आणि फॅब्रिकेटरला उरलेल्या खिडक्यांची ऑर्डर त्यानंतरच द्या.